शांत मुलांची शाळा

काचेच्या पेटीतले सगळे उंदीर मेले होते. एकच जिवंत होता, आणि तो बहिरा होता.

पाण्याच्या नळीमागे तो अंग चोरून बसला होता. त्याची मागची एक तंगडी कुणीतरी चावून तोडली होती. बाकीच्यांचं काय झालं ते काचेला आतून लागलेले फराटेच सांगत होते. डॉ. शलाका खैरमोडेने तोंडावर रुमाल धरला. सकाळी हेच उंदीर एकमेकांच्या पाठीवर माना टाकून झोपलेले तिने स्वतः पाहिले होते.

"नाद बंद करून किती वेळ झाला होता, सर?" तिने विचारलं.

"पाऊण तास," डॉ. अन्वर शिकलगार म्हणाले. संस्थेतले ते सगळ्यांत ज्येष्ठ नादशास्त्रज्ञ. एरवी उंदरांनाही नावं ठेवून हसवणारा माणूस, पण आज त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "पहिला अर्धा तास काहीच नाही. मग एकाने दुसऱ्याचा कान धरला आणि त्यानंतर बघता बघता सगळं आटोपलं. ती कोपऱ्यातली मादी पाहिलीस? तिने शेवटी स्वतःची पिल्लं मारली. पिल्लं घाबरून तिलाच बिलगायला गेली होती गं."

भीमापूर शहरात शमननाद आला त्याला आठ वर्षं झाली होती. त्याआधीच्या दंगलीत अर्धी पेठ जळाली होती. तेव्हा लोक इतके भेदरले होते की कुणी काहीही सुचवलं असतं तरी शहराने मान डोलावली असती. सुचवला गेला तो एक आवाज. कानाला कळेल न कळेल अशी, खोलवर घुमणारी गुणगुण. ती कानातून मेंदूत शिरे आणि राग जिथे उगवतो तिथे हात दाबून बसे. चौकाचौकात नादस्तंभ उभे राहिले. बसमध्ये, दवाखान्यात, वर्गात, घराच्या भिंतीत नादपेट्या बसल्या. शहर खरोखरच शांत झालं. नळावर भांडणं होईनात, जावाजावांचं जमू लागलं, पोलिसांच्या ढेऱ्या सुटल्या. भीमापूरची पोरं ठेच लागली तरी दगडाला शिवी देत नाहीत, असं बाहेरगावचे पाहुणे कौतुकाने आणि जरा बिचकत म्हणत.

"असं बघ," शिकलगार म्हणाले, "एखादं दार कुणी बाहेरून सतत ढकलत राहिलं, तर आतला माणूस काय करतो? तोही तितकाच जोर लावून उभा राहतो. मेंदूने तेच केलं. बाहेरून नाद राग दाबतोय, म्हणून आतून मेंदू राग वाढवत गेला. दोन्ही जोर सारखे होते तोवर दार जागच्या जागी होतं. आज आपण बाहेरचा जोर एकदम काढून घेतला."

"आणि आतला सगळा जोर बाहेर आला."

"रिक्तक्षोभ. मी तरी त्याला हेच नाव दिलंय. नाद रिकामा झाल्यावर उसळणारा क्षोभ. ज्याने जास्त ऐकलं तो लवकर बिथरतो, कमी ऐकलेला उशिरा. पिल्लं सगळ्यांत शेवटपर्यंत शहाणी होती."

"आणि हा बहिरा?"

"त्याला नाद कधी पोचलाच नाही. त्याचं दार कुणी ढकललंच नव्हतं." त्यांनी पलीकडच्या फडताळाकडे बोट दाखवलं. तिथे एकेका डब्यात एकेक उंदीर ठेवला होता. "गेल्या महिन्यात यांचाही नाद तोडला होता. पंधरवडाभर यांनी डब्याच्या भिंती चावल्या. मग निवळले, आता ठणठणीत आहेत. एकेकटे होते म्हणूनच ते वाचले."

दोघांनीही नकळत आपल्या उजव्या कानाला हात लावला. निःशब्द कक्षात काम करणाऱ्यांना बाहेरचा नाद मिळत नाही, म्हणून संस्थेने त्यांना नादफूल दिलं होतं. बोटाच्या पेराएवढं ते यंत्र कानात रात्रंदिवस शमननाद वाजवत राही.

खरी भीती उंदरांची नव्हती. त्याच दिवशी बारा वाजता महापौर शमननाद बंद करणार होते. नादकेंद्रासमोर मांडव पडला होता, सनईवाले आले होते. आठ वर्षांत शहरात एक खून नाही, म्हणजे लोक आता मुळातच शांत झालेत, मग विजेचा खर्च कशाला, असा साधा हिशेब होता. नादविभागाच्या अधिकाऱ्याला शलाकाने फोन लावला.

"मॅडम, हार आलेत, पेढे आलेत," तो हसत म्हणाला. "आता उंदरांसाठी कार्यक्रम थांबवू? तुमचा अहवाल पाठवून द्या की. पुढच्या बैठकीत नक्की घेऊ."

त्याला राग येत नव्हता, तसाच धोकाही वाटत नव्हता. भीमापुरात कुणालाच कशाचं फार काही वाटत नसे.

शिकलगारांनी गाडीची किल्ली उचलली. "मी नादकेंद्रावर जातो. पाय धरायला लागले तरी धरीन. तू रेणूला घेऊन ये. आणि शलाका, काहीही झालं तरी नादफूल काढू नकोस. आपण रात्रंदिवस ऐकलंय, शहरात सगळ्यांपेक्षा जास्त. आपल्याला बाकीच्यांइतकासुद्धा वेळ मिळणार नाही."

रेणू शलाकाची मुलगी. वय वर्षं नऊ. जन्मापासून तिला ऐकू येत नव्हतं. ते कळल्यावर वर्षभरात नवरा दुसऱ्या शहरात नोकरीला गेला आणि तिथलाच झाला. नादाचा अभ्यास करणाऱ्या बाईची मुलगी बहिरी, हे ऐकून लोक चुकचुकत, तेव्हा शलाकाला शमननादातसुद्धा आतून काहीतरी टोचे. रेणू पाच वर्षांची असताना तिच्या डोक्यात श्रवणसेतू बसवला. त्याचा एक भाग कवटीच्या आत होता, दुसरा बाहेर कानामागे. मधे चामडी असली तरी दोन चुंबकं एकमेकांना धरून ठेवत आणि बाहेरचा भाग आवाज आत पोचवी.

मग शाळेचा प्रश्न आला. नदीपलीकडच्या टेकाडावर दातीर बाईंची कर्णबधिर शाळा होती. शलाका ती पाहायला गेली होती. तिथे मुलं हातांनी बोलत होती, आणि अंगणात दोन मुलगे एकमेकांना चांगलेच बदडत होते. बाकीची मुलं कडं करून उभी होती. दातीर बाई स्वतः जन्मापासून बहिऱ्या होत्या, पण ओठ वाचत आणि गरजेपुरतं घोगरं बोलत. त्या पायरीवर बसून नुसत्या बघत होत्या.

"तुम्ही सोडवत नाही?" शलाकाने विचारलं होतं.

"आमच्याकडे पाठीमागून मारायचं नाही. समोरच्याच्या तोंडाकडे बघत भांडायचं. त्याने तळवा दाखवला की थांबायचं. नाही थांबला तर कड्यातल्या चौघांनी त्याला खाली पाडून धरायचं, राग उतरेपर्यंत." बाई म्हणाल्या. "तुमचा नाद आम्हाला ऐकू येत नाही, ताई. आमच्या मुलांना राग येतो. म्हणून त्यांना थांबायला शिकावं लागतं."

शलाकाला ते रानटी वाटलं. अशा पोरांत माझी मुलगी ठेवणं धोक्याचं आहे, असं तिने बाईंना तोंडावर सांगितलं. तिने रेणूला शांतिदीप विद्यालयात घातलं. तिथे ऐकणारी मुलं ओळीत बसत, शिक्षक गळ्यातल्या माइकमधून थेट रेणूच्या श्रवणसेतूत बोलत. शाळेच्या अटी दोनच होत्या. श्रवणसेतू कायम चालू हवा आणि हात मांडीवर स्थिर हवेत. हात हलले की मूल खुणांच्या नादी लागतं, मग बोलत नाही, असं तिथले तज्ज्ञ सांगत. शलाका रोज संध्याकाळी रेणूचे दोन्ही हात आपल्या मुठीत घट्ट धरून बसे.

"'आई' म्हण. जीभ नको बाहेर. पुन्हा. 'आई'. पुन्हा."

रेणू कानामागचा भाग सारखा उपटून टाके. म्हणून सहा महिन्यांपूर्वी शलाकाने त्याला कुलूप करून घेतलं. केसांच्या मुळाशी बसणारी चिमुकली पट्टी, तिचा आकडा फक्त शलाकाला ठाऊक. पहिले पंधरा दिवस रेणूने थैमान घातलं. शाळेतल्या एका बाईंना चावली, घरातला आरसा फोडला, शलाकाच्या दंडाचा लचका तोडला. आणि मग एक दिवस ती शांत झाली. इतकी शांत, इतकी गुणी, की कुणी बोलायला लागलं की ती एकटक त्याच्या तोंडाकडे बघे. कानामागचा हिरवा दिवा अखंड चालू. आवाज एकदाचा अंगी लागला म्हणून शलाकाने संस्थेत पेढे वाटले होते.

ती गाडीत बसून निघाली तेव्हा बारा वाजून गेले होते. नादस्तंभ गप्प झाले होते. फोनवर शिकलगारांचा आवाज आला, "ऐकत नाहीत गं. मी आत शिरून पुन्हा चालू करायचा प्रयत्न..." मागे सनई वाजत होती. मग ती मधेच तुटली, कुणीतरी किंचाळलं, आणि शिकलगार कुणाला तरी "अरे, अरे बाबा" म्हणताना ऐकू आले. त्यानंतर फोनमध्ये फक्त धपाधप आवाज येत राहिला. शलाकाने तो बंद केला.

बाजारपेठेत पहिलं रक्त दिसलं. भाजीवाल्या म्हातारीने वजनाचा दगड एका गिऱ्हाइकाच्या तोंडावर हाणला आणि तो पडल्यावर त्याच्या छातीवर बसून हाणतच राहिली. पुढच्या चौकात बस आडवी लावली होती. चालक आणि वाहक एकमेकांच्या नरड्याला धरून रस्त्यावर लोळत होते, आणि आतले प्रवासी काचा फोडून त्याच काचांनी एकमेकांना भोसकत होते. आठ वर्षांत न आलेला सगळा राग आज येत होता. धक्का लागल्याचा, भाव जास्त घेतल्याचा, बायकोने आमटी खारट केल्याचा. कुणाला थांबायचं कसं ते माहीत नव्हतं. आठ वर्षांत कुणाला त्याची गरजच पडली नव्हती. शलाकाच्या गाडीवर दगड आला, दुसरा आला, आणि शाळेच्या अलीकडे काच फुटून गाडी खांबावर गेली. ती उतरून धावत सुटली.

शांतिदीपच्या फाटकात पहारेकरी पालथा पडला होता. रेणूचा वर्ग पहिल्या मजल्यावर होता. घोलप सर तिथले वर्गशिक्षक, कधी आवाज न चढवणारा माणूस. त्यांचा माइक ज्या दोरीने गळ्यात लोंबे, त्याच दोरीने तीन मुली त्यांचा गळा आवळत होत्या. सरांचे पाय हलायचे थांबले होते, तरी मुली ओढतच होत्या. बाकीची मुलं कंपासातली कर्कटकं घेऊन बाकांमधून एकमेकांवर तुटून पडली होती. ओळीत बसणारी ती मुलं मुक्याने लढत होती. शिव्याच त्यांना येत नव्हत्या.

रेणू नकाशांच्या कपाटावर चढून बसली होती. कपाळातून रक्त येत होतं, पण डोळे जागेवर होते. आईला बघताच तिने खाली उडी मारली.

तेवढ्यात एका मुलाने शलाकाच्या खांद्यात कर्कटक खुपसलं. तिने खुर्ची उचलून त्याच्या डोक्यात घातली. तो पडला. तिला राग आला नाही, दयाही आली नाही. कानातलं नादफूल गुणगुणत होतं. दप्तर बाजूला सारावं तसं तिने एका मुलाला खुर्चीने मारलं होतं, आणि पुढे जेव्हा तिला सगळं वाटू लागलं तेव्हा हेच आठवून ती सगळ्यांत जास्त रडली.

मुतारीत शिरून तिने कडी लावली. रेणू थरथरत होती. शलाकाने भराभर विचार केला. रेणूने फक्त चार वर्षं ऐकलंय, म्हणून ती अजून शुद्धीत आहे. पिल्लं शेवटी बिथरतात. ही थरथर म्हणजे सुरुवात. सहा महिन्यांपूर्वीचं ते थैमान तिला आठवलं. तेव्हा समोरची माणसं शांत होती. आज हिने कुणावर हात टाकला तर समोरचा हिला जिवंत सोडणार नाही.

नादफूल एकच होतं.

शलाकाने ते कानातून काढलं आणि रेणूच्या कानामागच्या यंत्रावर, आवाज आत घेणाऱ्या छिद्रावर टेकवून पोरीच्याच वेणीतल्या रिबिनीने घट्ट बांधलं. दातीर बाईंच्या शाळेत कुणी नाद ऐकलेला नाही, म्हणजे तिथेच शांतता असेल. पोरीला फाटकात सोडायचं आणि आपण कुठल्यातरी खोलीत स्वतःला कोंडून घ्यायचं. पुरेल तेवढा वेळ. पुरायलाच हवा.

रेणू रिबिनीला हात घालून ओढू लागली. "नको," ती म्हणाली. घाबरल्यामुळे तिचे शब्द पार विरघळले होते. "मा नको. आई तू. तू घा."

"नाटकं नकोत आज!" शलाका ओरडली. हिचा जुनाच हट्ट, यंत्र उपटायचा. तिने रेणूचे दोन्ही हात आपल्या मुठीत पकडले, रोज संध्याकाळी पकडायची तसे, आणि तिला ओढत निघाली. रेणूची बोटं तिच्या मुठीत धडपडत होती. त्या बोटांना काहीतरी सांगायचं होतं, हे शलाकाच्या मनातही आलं नाही.

पुलावर प्रेतं पडली होती. नदीत माणसं एकमेकांना बुडवत होती. पुलाच्या मध्यावर एक धिप्पाड माणूस लोखंडी पहार घेऊन आडवा आला. पहिला घाव कठड्यावर बसला आणि पहार त्याच्या हातून निसटली. शलाकाने ती उचलली. पहिल्या फटक्यात तो गुडघ्यावर आला, दुसऱ्यात आडवा झाला. तिसरा मारायची काही गरज नव्हती. तिने तो मारला, चौथाही मारला. अंगातून ऊब वर चढत होती. आठ वर्षांत इतकं बरं तिला कधी वाटलं नव्हतं. हा सोडून गेलेला नवरा, हे चुकचुकणारे शेजारी, हा हसणारा अधिकारी. रेणू तिच्या कमरेला लोंबकळून तिला मागे खेचत होती. शलाका थांबली ती दम लागला म्हणून.

"चल," ती दात आवळून म्हणाली आणि तिने पुन्हा पोरीचे दोन्ही हात मुठीत पकडले. आपल्याला काय होतंय हे तिला कळत होतं. ती शास्त्रज्ञ होती, तिने ते सकाळीच काचेतून पाहिलं होतं. अजून थोडं. टेकाड चढेपर्यंत.

दातीर बाईंच्या फाटकाशी पंधरा-सोळा वर्षांची मुलं-मुली काठ्या घेऊन उभी होती. शहरातून चढून आलेल्या दोघांना त्यांनी आधीच लोळवून बांधलं होतं. मारून टाकलं नव्हतं, बांधलं होतं. बाई पुढे आल्या.

"हिला घ्या," शलाका धापा टाकत म्हणाली. "मी थांबत नाही. मला आता... तुम्ही फाटक लावून घ्या. हिला ते कानावरचं काढू देऊ नका. काढलं तर ही तुमच्या मुलांना मारील. मी तुम्हाला खरं सांगतेय. तरी घ्या हिला, पाया पडते."

तिने मुठी सोडल्या. हात सुटताच रेणू बोलायला लागली. दोन्ही हातांनी, भराभर, न अडखळता. छातीवर, कपाळावर, कानाशी बोटं नाचत होती. आपली मुलगी इतकं बोलते हे शलाका पहिल्यांदा बघत होती. ही भाषा तिला कुणी शिकवली?

दातीर बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी रेणूच्या कानामागे नख घातलं. कुलूपपट्टी केसांना होती, पण यंत्राखाली बोट जाईल एवढी फट होती. त्यांनी तिथून काहीतरी सरकवून काढलं आणि शलाकासमोर तळहातावर धरलं. सोड्याच्या बाटलीचं पत्र्याचं बूच होतं, दगडाने ठोकून सपाट केलेलं. दोन्ही चुंबकांना ते चिकटून राही, त्यामुळे यंत्र पडत नसे, आणि पत्र्यातून आत काही पोचत नसे. दिवा मात्र बाहेरच्या भागाचा. तो हिरवाच.

"यंत्र लावलेली सगळी मुलं हे करतात," बाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "एकमेकांना शिकवतात. ही म्हणते, सहा महिन्यांपासून मी ऐकत नाही. आधी पंधरा दिवस फार राग आला, मग गेला. शाळा सुटल्यावर पुलाशी आमच्या मुलांना भेटते. आणि म्हणते, हे कानावरचं मला कशाला, आईला द्या. आवाज गेला की राग येतो, मला माहीत आहे. मी सांगत होते, आईने हात धरले होते."

शलाकाला सगळं एकदम समजलं. थैमान म्हणजे काय होतं, गुणीपणा म्हणजे काय होता, एकटक तोंडाकडे बघणं म्हणजे काय होतं. रिक्तक्षोभातून सुखरूप बाहेर आलेलं तिच्या माहितीतलं एकच माणूस होतं आणि ते नऊ वर्षांचं होतं. आपण शेवटचं नादफूल बहिऱ्या कानावर बांधलं. हे सगळं तिला समजलं, आणि त्याच क्षणी तिच्या रागाला हवं ते कारण मिळालं.

सहा महिने. सहा महिने ही कार्टी मला फसवत होती.

रेणू रिबीन सोडून नादफूल आईच्या कानाकडे नेत होती. शलाकाने तो हात पकडला, उजवा, आणि पिरगाळला. बोटं मोडल्याचा आवाज तिला ऐकू आला. तिथे उभ्या असलेल्यांत तो आवाज ऐकू येणारी ती एकटीच होती. तिने दुसरा हात पोरीच्या गळ्यावर आणला आणि अंगठा रुतवला. नादफूल दगडावर पडून तिच्याच टाचेखाली चिरडलं. रेणूने डाव्या हाताचा तळवा तिच्या तोंडासमोर धरला होता. थांब, थांब. ती खूण शलाकाने एकदा ऐकली होती, शिकली नव्हती.

मग चौघं तिच्यावर पडली. दोघांनी पाय धरले, एक दंडावर बसली, एकाने डोकं जमिनीला टेकवून धरलं. ती चावली, तिने एकाच्या गालाचं मांस तोडलं. तो मुलगा रडला, पण त्याने धरलेलं डोकं सोडलं नाही, आणि उलटून एक थप्पडही मारली नाही. लहानपणापासून अंगणात हेच शिकला होता तो. पोरांनी तिला उचलून अंगणातल्या मल्लखांबाला बांधलं.

पंधरवडा गेला. शलाकाने दोर चावले, बाईंना आणि मुलीला तोंडाला येईल ते बोलली. त्या शिव्या शाळेतल्या कुणालाच ऐकू गेल्या नाहीत. रेणू रोज समोर, हात पोचणार नाही इतक्या अंतरावर येऊन बसे. पाण्याचं भांडं काठीने पुढे सरकवी. कधी आई झोपली की उठून जाई.

खाली शहरात काय उरलं होतं ते टेकाडावरून दिसे. धूर हळूहळू थांबला. ज्यांनी स्वतःला कोंडून घेतलं होतं, ज्यांना कुणी कोंडलं होतं, ते वाचले. एका सकाळी शलाका जागी झाली तेव्हा तिला फक्त तहान लागली होती. तिने फाटकाकडे पाहिलं. बाहेर माणसं उभी होती. ऐकणारे आईबाप, डोक्याला फडकी बांधलेले, हाताशी ऐकणारी पोरं.

"आमच्या मुलाला घ्या बाई," त्यांतला एक हात जोडून म्हणत होता. "त्याला नीट भांडायला शिकवा. लहान आहे, लवकर शिकेल."

दातीर बाई त्याचे ओठ वाचून मान हलवत होत्या. शाळा बहिऱ्यांची आहे, जागा थोड्या आहेत, आणि ऐकणारी मुलं आमच्यात ठेवणं धोक्याचं आहे, असं त्यांनी म्हटलं. मग जरा थांबून त्यांनी कडी काढली.

रेणू आली. तिने आधी आईच्या डोळ्यांत बराच वेळ पाहिलं आणि मग दोर सोडायला घेतले. पाय नाही, आधी हात सोडले. डाव्या हातानेच गाठी सोडवाव्या लागत होत्या, कारण उजव्याची दोन बोटं लाकडी पट्टीला बांधलेली होती. बाईंनी सांगितलं होतं की ती आता कधी सरळ होणार नाहीत. काही खुणा तिला तोतऱ्याच येणार.

शलाका हुंदके देत तिचा तो हात धरायला गेली. रेणूने तो चटकन मागे घेतला. हात धरायचा नाही. ते शलाकालाही कळलं. तिने आपले रिकामे हात मांडीवर ठेवले, शांतिदीपच्या नियमासारखे स्थिर.

रेणूने ते मांडीवरून उचलले. मग ती समोर बसली आणि डावी तर्जनी नाकपुडीच्या कडेला, जिथे बायका चमकी घालतात तिथे टेकवली. आई. तिने हनुवटी वर करून शलाकाला इशारा केला.

दोराने बधिर झालेलं बोट शलाकाने कसंबसं वर नेलं. ते गालावरच टेकलं.

रेणूने मान हलवली. रागावली नव्हती ती. तिने आईचं बोट दोन बोटांत हलकेच उचललं, नाकपुडीवर नीट ठेवलं, लगेच सोडून दिलं, आणि आईला वाचता यावं म्हणून ओठ ठळक हलवत म्हणाली, "पुन्हा."